गळला की गाळला

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात चौदावा धडा मास्तरांचा. देशाचे पहिले अध्यक्ष ते. पण त्याआधी पंधरा वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, म्हणून अध्यक्ष झाले तरी सगळ्या देशाचे मास्तरच राहिले. त्या धड्याची प्रुफं वेलांटीच्या टेबलावर आली तेव्हा तिने अजून चष्माही पुसला नव्हता.

वेलांटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पाठ्यपुस्तक कार्यालयात मुद्रितशोधक म्हणून तिला एकतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत ऱ्हस्वाच्या जागी पडलेली एकही दीर्घ वेलांटी तिच्या नजरेतून सुटली नव्हती. लोक हे नाव आधी पाठीमागे घ्यायचे, मग तोंडावर घ्यायला लागले, आणि नव्याने आलेल्यांना तर दुसरं नाव आहे हेही ठाऊक नसायचं. तिलाही त्याचं काही वाटत नसे. माणसाला आपल्या कामाचं नाव मिळालं तर वाईट काय, म्हणायची.

चौदावा धडा तिला तोंडपाठ होता. मास्तरांचं शेवटचं भाषण त्यात होतं. आजारी होते, राजीनामा द्यायला सभागृहात आले, उभं राहवेना म्हणून खुर्चीतूनच बोलले. साडेचार मिनिटांचं भाषण. त्यानंतर तीन आठवड्यांत गेले. भाषणाचं शेवटचं वाक्य न शिकता या देशात कुणी आठवी पास झालेलं नव्हतं: ‘संकट आलं की आकाशाकडे बघू नका, एकमेकांकडे बघा.’

समोरच्या प्रुफात होतं: ‘संकट आलं की आकाशाकडे बघा, एकमेकांकडे बघा.’

अक्षरजुळणी करणाऱ्याला डुलकी लागली असेल, असं म्हणून तिने लाल शाईने ‘बघा’च्या पोटात खूण केली, समासात ‘बघू नका’ लिहिलं आणि पान उलटलं. चार दिवसांनी दुसरी प्रुफं आली. ‘बघा.’ तिने पुन्हा घातलं, या वेळी जरा मोठ्या अक्षरात. आठवड्याने तिसरी आली. ‘बघा.’ आणि समासात पेन्सिलीने कुणीतरी बारीक लिहिलं होतं, ‘मूळ प्रतीनुसार. बदलू नये.’

तिच्या धंद्यात दोन शब्द आहेत, गळणं आणि गाळणं. दोन्हींत अंतर एका कान्याचं. पण शब्द गळतो तो आपोआप, आणि गाळतो तो माणूस. तीन वेळा गळत नाही कुणी. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

रागाला आणखी एक कारण होतं, ते कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं. तेराव्या वर्षी हेच वाक्य वाचून तिने घरात प्रार्थनेला बसणं बंद केलं होतं. तिचे वडील, अप्पा, मोठे भाविक. दिवसातून तीनदा प्रार्थना, कधी चुकली नाही. त्यांच्यासमोर पुस्तक आपटून तेरा वर्षांची पोर म्हणाली होती, “मास्तरांनी सांगितलंय, वर बघू नका. मी नाही बसणार.” आई हात उगारून धावली होती. अप्पांनीच तिला अडवलं होतं. म्हणाले होते, “सांगितलंय खरं. मी तिथे होतो. तिला नसेल बसायचं तर नको बसू दे.”

अप्पा खरोखरच तिथे होते. सभागृहात लघुलेखक होते ते, मास्तरांच्या हाताखाली. आता सत्त्याऐंशी वर्षांचे झाले होते.

तिसरी प्रुफं हातात घेऊन ती जिना चढली. वाटेत चित्रकार बाईंच्या खोलीचं दार उघडं होतं. टेबलावर मास्तरांचं चित्र पसरलेलं: तेच जुनं, खुर्चीत बसलेले, समोरच्यांवर नजर रोखलेली. चित्रकार बाई त्या डोळ्यांवर पांढरा रंग चढवत होत्या.

“हे काय?”

“मिटायला सांगितलेत,” चित्रकार बाई ब्रश धुता धुता म्हणाल्या. “ध्यानस्थ हवेत म्हणे. माझ्याकडे कशाला बघतेस? मी हुकमाची ताबेदार.”

संचालक साहेब तिच्याच बरोबर कार्यालयात लागले होते. माणूस वाईट नव्हता, पण कुणी मोठ्याने बोललं की आधी दाराकडे बघायचा आणि मग बोलणाऱ्याकडे.

“साहेब, चौदाव्या धड्यातला ‘नका’ मी तीनदा घातला आणि तीनदा गायब झाला. यंत्र खातंय की माणूस?”

साहेबांनी दाराकडे बघितलं. “बाई, बसा आधी.”

“उभी बरी आहे.”

“ते समितीने ठरवलंय.”

“मास्तर काय बोलले ते समितीने ठरवलं? मास्तर गेल्याला चौसष्ट वर्षं झाली. समितीला कुठे भेटले?”

“तुम्ही चिडू नका. कागद सापडलाय.” साहेबांनी खण उघडून एक छायाप्रत काढली. “अभिलेखागारात जुनी खोकी उघडली. त्या अधिवेशनाचा अधिकृत वृत्तांत कधी छापलाच गेला नव्हता, मास्तर गेले आणि सगळं राहूनच गेलं. आपण इतकी वर्षं छापत होतो ते वर्तमानपत्रातून घेतलेलं. ही सभागृहाची स्वतःची टाइप केलेली प्रत. हिच्यात ‘बघा’ आहे. प्राध्यापक म्हणतात, ‘नका’ त्या वेळच्या नास्तिक पत्रकारांनी घुसवला.”

प्राध्यापक म्हणजे समितीचे अध्यक्ष. गेली दोन वर्षं देशाचे जुने पुढारी एकेक करून धार्मिक व्हायला लागले होते, ते यांच्याच हातून. एकाच्या डायरीतला पाखंडी मजकूर ‘तारुण्यातला’ म्हणून उडवला होता. दुसऱ्याने शपथ घेताना धर्मग्रंथ बाजूला सारून घटनेवर हात ठेवला होता, तो परिच्छेद ‘जागेअभावी’ गेला होता. आणि प्रत्येक वेळी प्राध्यापकांच्या हातात काहीतरी कागद असे.

वेलांटीने छायाप्रत उचलली. शेवटची ओळ वाचली. मग तिची नजर खाली गेली, उजव्या कोपऱ्यात, जिथे टाइप करणाऱ्याने सही करायची असते. ती सही तिला ओळखायला वेळ लागला नाही. तिच्या शाळेतल्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर तीच होती, शेवटच्या अक्षराचं शेपूट उचलून पहिल्याला आणून जोडलेली.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली, आणि मूग गिळून, छायाप्रत हातातच घेऊन खाली उतरली. अर्ध्या दिवसाची रजा लिहून देताना तिच्याच अर्जात तिच्याच हातून एक अनुस्वार राहिला.

घरी अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. दुपारची प्रार्थना नुकतीच झाली असावी. गुडघ्यांवर हात तसेच उताणे होते. ती चपला न काढताच आत आली आणि छायाप्रत त्यांच्या मांडीवर ठेवली.

“ही सही कुणाची?”

अप्पांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

“माझी.”

“आणि हा ‘बघा’?”

“तोही माझाच.”

“म्हणजे मास्तर तसं बोलले होते? माझ्या तेराव्या वर्षी तुम्ही मला खोटं सांगितलंत?”

“नाही. तुला खरं सांगितलं.” अप्पांनी कागद उलटा करून ठेवला, एखाद्या नकोशा माणसाचा फोटो ठेवावा तसा. “मास्तर ‘बघू नका’च म्हणाले. मी टाइप करताना बदललं.”

तिने विचारलं, “का?”

“तेवीस वर्षांचा होतो मी, पोरी. मास्तर आता फार दिवस राहत नाहीत, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. मला वाटलं, या माणसाने एवढं केलं, आणि जाताना तोंडात हे वाक्य. वर गेल्यावर त्याचं काय होईल? मला झोप लागेना. मग टाइप करायला बसलो तेव्हा...” त्यांनी मांडीवरचा उलटा कागद हाताने सारखा केला. “तो कागद मी लोकांसाठी केलाच नव्हता गं. वर्तमानपत्रांनी आधीच खरं छापलं होतं. माझी प्रत फायलीत जाणार, फाईल खोक्यात जाणार. ती कोण वाचणार होतं? ती मी देवासाठी टाइप केली होती.”

“देवासाठी?” ती इतक्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. “देवाला फसवायला निघालात? टाइपरायटरवर? तुमच्या देवाला मूळ आणि नक्कल कळत नाही?”

“तेवीस वर्षांच्या पोराला एवढं सुचत नाही.”

“आणि सत्त्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला? चाळीस वर्षं मी तो धडा तपासतेय, वाचतेय, त्या वाक्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे, आणि खोक्यात तुमच्या सहीचा सुरुंग पेरून ठेवलाय हे एकदा सांगावंसं नाही वाटलं?”

“लाज वाटत होती,” अप्पा म्हणाले.

एवढं सरळ उत्तर आल्यावर भांडायलाही काही उरत नाही. म्हणून ती आणखीच संतापली. स्वयंपाकघरात जाऊन तिने भांडी आपटली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी दारात उभी राहून म्हणाली, “लघुलिपीची वही आहे का?”

वही होती. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली. पानं पिवळी पडली होती, पण पेन्सिल स्वच्छ दिसत होती: रेघा, आकडे, टिंबं, मुंग्यांची रांग पाण्यात पडावी तसं. अप्पांनी बोट ठेवून शेवटची ओळ दाखवली. “हे ‘आकाश’. ही आडवी रेघ आणि तिच्या पोटात टिंब, हा ‘नका’. टिंब बघ कसं दाबून दिलंय. मास्तरांनी त्या शब्दावर जोर दिला होता.”

“समितीपुढे हे सांगायचं.”

“सांगतो,” अप्पा म्हणाले. “तू नेलंस तर सांगतो.”

बैठक गुरुवारी होती. लांबट टेबल, पाच माणसं, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला आणि पुस्तकाच्या प्रुफांचा गठ्ठा. संचालक साहेब कोपऱ्यात. प्राध्यापक उठून पुढे आले, अप्पांना हात देऊन खुर्चीत बसवलं, पंख्याचा वारा लागतोय का विचारलं. आवाज असा मऊ की रागावलेल्या माणसाला आपणच उद्धट वाटावं.

अप्पांनी सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. वही उघडून दाखवली.

प्राध्यापक वाकून वहीकडे बघत राहिले. “ही लघुलिपी आता कुणाला येते?”

“आमच्या वर्गात नऊ जण होतो. आठ गेले.”

“म्हणजे फक्त आपल्याला.”

“हो.”

“काका, एक विचारू? राग मानू नका. आपण म्हणता की आपण तेव्हा कागदावर खोटं लिहिलं.”

“लिहिलं.”

“सही करून.”

“सही करून.”

“मग आपण खोटं लिहू शकता, हे सिद्ध झालं. आज खोटं बोलत नाही, हे कशावरून? आपली कन्या याच कार्यालयात आहे. तिची मतं सगळ्यांना ठाऊक आहेत. म्हाताऱ्या बापाने मुलीसाठी दोन शब्द बोलणं, त्यात पाप नाही.”

वेलांटी उठली. अप्पांनी तिच्याकडे न बघता हाताने तिला बसवलं.

“आपण प्रार्थना करता?” प्राध्यापकांनी विचारलं.

“रोज तीनदा.”

“मग हे वाक्य आपल्याला नको आहे? एवढ्या मोठ्या माणसाने मुलांना वर बघायला सांगितलं, याचा आपल्याला आनंद नाही?”

“हवं होतं म्हणूनच तर लिहिलं!” अप्पांचा आवाज फाटला. घरात कधी चढला नव्हता तो आवाज. “मला हवं होतं म्हणून मी लिहिलं, तुम्हाला हवंय म्हणून तुम्ही छापताय. दोघेही चोरच आपण. पण मी चोरी करून लपवून तरी ठेवली. तुम्ही ती पोरांना वाटायला निघालात! मास्तर नव्हते मानत. माझ्या समोर नव्हते मानत, दिवसातून दहादा. आणि मी मानतो. दोन्ही खरं आहे. माझ्या देवाला मास्तरांच्या शिफारसपत्राची गरज नाही हो. ती गरज तुम्हाला लागते, कारण तुमचा विश्वासच नाही त्याच्यावर!”

पाच जणांतले एक गृहस्थ पेल्यावरचं झाकण फिरवत बसले.

प्राध्यापकांनी फाईल हळूच मिटली. “काकांचं वय बघता आपण हे सगळं सहानुभूतीने घ्यायला हवं,” ते इतरांना म्हणाले, जणू अप्पा खोलीत नव्हतेच. “एका बाजूला सही असलेला सरकारी दस्तऐवज. दुसऱ्या बाजूला एक वही, जी साक्षीदारच लिहितो आणि साक्षीदारच वाचतो. हात वर करायचे का?”

चार हात वर गेले. पाचवे झाकणवाले गृहस्थ. त्यांनी कुणाच्याच बाजूने हात केला नाही. संचालक साहेबांना मत नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत होते.

खाली उतरताना अप्पांचा एक हात कठड्यावर होता आणि दुसरा वेलांटीच्या खांद्यावर. फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, “त्यांच्या हाती कोलीत तुम्ही दिलंत.”

“हो.”

“ते मेले खोटारडे आहेतच. पण कागद तुमचा.”

“हो,” अप्पा म्हणाले. “किती वेळा म्हणू?”

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. जेवण वाढायची, औषधं द्यायची, कपडे धुऊन घड्या घालायची, पण तोंडातून शब्द नाही. लहानपणी मार खाऊनही तिने कधी अबोला धरला नव्हता. आता छप्पन्नाव्या वर्षी धरला, आणि तो चांगला तीन महिने चालला.

मधल्या काळात शेवटची प्रुफं आली. प्रत्येक धड्याच्या पहिल्या पानावर ‘छापण्यास हरकत नाही’ असा शिक्का असतो आणि त्याखाली मुद्रितशोधकाची सही. तेरा धड्यांवर तिने सही केली. चौदाव्यावर शिक्क्याशेजारी लाल शाईने लिहिलं, ‘हरकत आहे. शेवटचं वाक्य खोटं आहे हे मला आणि समितीला ठाऊक आहे.’ आणि खाली पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. संचालक साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले.

“बाई, हात दाखवून अवलक्षण कशाला? चार वर्षं राहिलीत निवृत्तीला.”

“साहेब, तुम्हाला तरी वाक्य आठवतं ना शाळेतलं?”

“मला घर-संसार आहे,” साहेब म्हणाले. तिने विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरच होतं.

दुसऱ्या दिवशी तिची बदली अर्ज-नमुने विभागात झाली. तळघरात, दाखल्यांचे आणि परवान्यांचे छापील नमुने तपासायला. ‘अर्जदाराची स्वाक्षरी’, ‘येथे छायाचित्र चिकटवा’. चौदाव्या धड्यावर एका नव्या मुलीने सही केली. पुस्तक वेळेवर छापून झालं, वेळेवर शाळांत गेलं. शेजारच्या घरातली मुलगी गॅलरीत उभी राहून घोकायची, ‘आकाशाकडे बघा, एकमेकांकडे बघा’, आणि वेलांटी भिंतीपलीकडे दात-ओठ खात ऐकायची. एकदा न राहवून तिने मधल्या कठड्यावरून हाक मारली, “अगं, मध्ये ‘नका’ आहे.” मुलीने पुस्तकात बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “काकू, नाहीये.” पोरीचं तरी काय चुकलं?

अबोला अप्पांनी मोडला. एका रविवारी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर कोरी वही ठेवली, दोन पेन्सिली टोक करून ठेवल्या आणि म्हणाले, “शिकतेस का? मी गेलो की ही लिपी वाचणारं कुणी उरणार नाही. त्या गोड बोलणाऱ्याचा मुद्दा तेवढाच होता, आणि तेवढा खरा होता.”

ती खुर्ची ओढून बसली.

अप्पा शिकवायला कडक निघाले. रेघ एक केसभर जाड झाली तर शब्द बदलतो, म्हणून पुन्हा पुन्हा काढायला लावत. तिनेही जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या, आता स्वतःच्या निघताना अंगाचा तिळपापड व्हायचा. “पाहिलंस का, ‘राजा’ची ‘रजा’ केलीस,” अप्पा म्हणायचे. “तुमचं अक्षरच कुत्र्याच्या पायाचं,” ती म्हणायची. सात महिने रोज संध्याकाळी दोन तास असं भांडण चाललं. आठव्या महिन्यात अप्पांनी जुनी वही तिच्यापुढे सरकवली. “वाच. मी सांगणार नाही. अडशील तिथे अड.”

भाषण तिने एका बैठकीत वाचलं. सगळं जुळलं. दाबून दिलेलं टिंबही. मग पानं उलटत पुढे गेली, कारण वही तिथे संपत नव्हती. भाषण पंधरा तारखेचं. सोळा तारखेला मास्तरांनी एक पत्र सांगितलं होतं, परदेशातल्या कुणा जुन्या मित्राला. ती एकेक रेघ सोडवत गेली आणि कोऱ्या कागदावर उतरवत गेली.

‘...माझा लघुलेखक हुशार मुलगा आहे, बोटं वाऱ्यासारखी चालतात. पण रोज सकाळी फायलींच्या कपाटाआड उभा राहून पुटपुटतो. त्याला वाटतं, मला दिसत नाही. असली तोंड वासून आकाशाकडे बघणारी मेंढरं घेऊन मी देश उभा करायला निघालो होतो, या मूर्खपणाचं मलाच हसू येतं...’

तिने पेन्सिल खाली ठेवली. अप्पा समोरच बसले होते.

“हे त्यांनी तुम्हाला सांगितलं? तोंडावर?”

“पत्र सांगायचं म्हणजे तोंडावरच सांगणार ना.”

“आणि तुम्ही लिहून घेतलंत?”

“मध्ये एकदा थांबले. ‘लिहिलंस?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘लिहिलं.’”

“टाइप करताना?”

“जसंच्या तसं.”

ती छायाप्रत शोधायला उठली. भाषणाच्या टाइप प्रतीखाली, सहीच्या बाजूला, तारीख होती: अठरा. म्हणजे सोळा तारखेला ज्याने मेंढरू म्हटलं, त्याच्याच आत्म्याची काळजी वाहत या माणसाने अठरा तारखेला तो शब्द गाळला होता.

तेराव्या वर्षापासून ज्या माणसाच्या एका वाक्यावर ती उभी होती, त्याचा तिला आज पहिल्यांदा राग आला. असा तसा नाही, कानशिलं तापवणारा. वर बघू नका, एकमेकांकडे बघा म्हणणाऱ्याने समोर बसलेल्या पोराकडे असं बघितलं होतं. आणि तरी वाक्य खरं होतं. आणि तरी अप्पांचा कागद खोटा होता. यातलं काहीच दुसऱ्याला पुसत नव्हतं.

“सगळं उतरवून अभिलेखागारात देणार आहे मी,” ती म्हणाली. “वहीसकट. लिपी कशी वाचायची त्याच्या कोष्टकासकट. पुन्हा कुणाला ‘वाचणारं कोण’ म्हणता येऊ नये.”

“दे.” अप्पांनी वही मिटली. “ते पत्राचं पान मात्र राहू दे.”

“काय?”

“आजारी माणूस होता. वेदनेत बोलला. लोक उगाच त्याला...”

“अप्पा!” तिने टेबलावर हात आपटला, पेन्सिली घरंगळत खाली गेल्या. “पुन्हा तेच करताय तुम्ही! चौसष्ट वर्षांनी पुन्हा तेच! त्या माणसाला वाचवायचा मक्ता तुम्हाला दिला कुणी? त्याने देव नाही म्हटलं, ते अभिलेखागारात जाईल. त्याने तुम्हाला मेंढरू म्हटलं, तेही जाईल. एक रेघ सोडणार नाही मी.”

“मी बाप आहे तुझा. हात जोडून सांगतोय.”

“जोडू नका.”

पुढच्या मंगळवारी रजा टाकून ती अभिलेखागारात गेली. तिथल्या कारकुनाने वही उलटीसुलटी करून पाहिली, तिची एकशेबारा पानांची नक्कल मोजली आणि पोच लिहून दिली. पोचपावतीत ‘लघुलिपी’तली पहिली वेलांटी चुकली होती. तिने ती त्याच्याच पेनने दुरुस्त करून घेतली.

ती घरी आली तेव्हा अप्पांची पाठ दाराकडे होती. संध्याकाळची प्रार्थना चालली होती, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात, तिला ऐकू जावी अशी. ती थांबली नाही. आत जाऊन तिने पाणी उकळत ठेवलं. प्रार्थना संपल्यावर चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला, तर त्यांनी तो हाताने बाजूला सारला.

“निवतोय,” ती म्हणाली.

“निवू दे,” अप्पा म्हणाले.